सागवान, सनमायका आणि पदच्युत राजा

१/ मीरा रोड किंवा भाईंदरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये शिरा. कपाट, पलंग, किचन ट्रॉली, सारे सागासारखे दिसते. साग मात्र त्यात बहुधा नसतो. आत प्लायवुड, वर सनमायका. तरी पाहुणा कपाटावर बोटाने टकटक करून विचारतोच, ‘सागवानी आहे का?’ या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. त्यात जहाजे आहेत, एक युद्ध आहे आणि राज्य गमावून रत्नागिरीस आलेला एक राजाही आहे.

२/ आरंभ खाडीपासून करू. आज मीरा-भाईंदरच्या हद्दीत असलेले घोडबंदर ज्या खाडीवर वसले, तिच्याच मुखाशी वसई. पोर्तुगीज अमलात वसई आणि आगाशी येथे जहाजे बांधली जात. पुढे १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि मुंबईच्या गोदीने सागाला जगभर नाव मिळवून दिले. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातील तेल उलट लोखंड जपते, शिवाय वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही मलबारी सागाची युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. सागावरील लोकांची श्रद्धा अशी अनुभवातून आलेली होती.

३/ मलबारचा साग ओसरू लागला तशी नजर ब्रह्मदेशाकडे वळली. १८६३ मध्ये वॉलेस बंधूंनी मुंबईत ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन केली. धंदा प्रामुख्याने ब्रह्मी सागाचा. १८८५ मध्ये थिबा राजाच्या दरबाराने या कंपनीवर, तोडलेल्या ओंडक्यांचा हिशेब कमी दाखवल्याचा आरोप ठेवून, प्रचंड दंड ठोठावला. इंग्रजांना फ्रेंचांच्या वाढत्या प्रभावाची धास्ती होतीच. हा दंड निमित्त ठरला. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडले. राजाला पदच्युत करून १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले गेले. १९१० मध्ये त्याच्यासाठी वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो तेथेच वारला. थिबा पॅलेस पाहून आलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की या निर्वासनाच्या मुळाशी लाकडाच्या ओंडक्यांचा हिशेब होता?

४/ तो साग मुंबईत मुरला. गिरगाव-परळच्या चाळींचे खांब, तुळया, जिने त्याचे झाले. आजही जुनी इमारत पाडली की तिचा ‘बर्मा टीक’ वेगळा काढून विकला जातो. ज्यांचे बालपण अशा जिन्यांवर गेले, त्यांना लाकूड म्हणजे जड, वास असलेली आणि नातवापर्यंत टिकणारी वस्तू वाटावी, हे स्वाभाविकच.

५/ प्लायवुडची पहिली ओळख नेमकी याच्या उलट होती. भारतात त्याचा मोठा गिऱ्हाईक बराच काळ चहाचा धंदा होता. म्हणजे हे खोक्याचे लाकूड. साल सोलावी तसा ओंडका फिरवत त्याचा पातळ ताव काढायचा, आणि असे ताव एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे ठेवून चिकटवायचे. कल्पना उत्तम. लाकूड एरवी ज्या दिशेने फुगते आणि तडकते, तिलाच हा आडवा ताव लगाम घालतो. दुखणे होते ते गोंदाचे. जुने गोंद रक्तापासून, दुधातील केसीनपासून किंवा जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनत. दमट हवेत ते सुटत आणि फळीचे पापुद्रे होत. तेव्हा ‘हा तर पुठ्ठा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना अडाणी ठरवण्याची घाई आपण करू नये. त्या काळच्या मालाबाबत त्यांची पारख बरोबर होती.

६/ १९३० च्या दशकात फिनॉलिक रेझिनने हे दुखणे दूर केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘मॉस्किटो’ हे बाँबफेकी विमानच मुख्यतः प्लायवुड आणि बाल्सा लाकडाचे बांधले. पण विमान उडाले म्हणून गिरगावातील आजी कपाटावर विश्वास ठेवत नाही! वस्तू सुधारली तरी तिची बदनामी मागे राहतेच.

७/ मग आला सनमायका. १९१२ मध्ये अमेरिकेत दोन अभियंत्यांनी विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी रेझिनचा पत्रा बनवला. इंग्रजीत अभ्रक म्हणजे ‘मायका’. ‘फॉर मायका’वरून ‘फॉर्मायका’. रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदांचे थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव करायचे, वरच्या कागदावर हवी ती नक्षी छापायची. आपल्याकडे ‘सनमायका’ हे ब्रँडचे नाव त्या वस्तूचेच नाव झाले, जसे वनस्पती तुपाचे ‘डालडा’. त्यात अभ्रक कणभरही नसते. आणि हा सनमायका विकणारी कंपनी कोणती? तीच, बॉम्बे बर्मा. ती कालांतराने वाडिया समूहाकडे आली, म्हणजे त्याच लवजींच्या वंशजांकडे. ज्या सागासाठी एक राजवट बुडाली, त्याच्या रेषा आता कागदावर छापून चौरस फुटाने मिळू लागल्या. (पुढे हा ब्रँड जपानच्या आयका कंपनीकडे गेला.)

८/ लोकांनी नवी वस्तू स्वीकारली खरी, पण ती जुन्यासारखी दिसेल या अटीवर. जाहिरातीपेक्षा वजन होते सुताराच्या शब्दाला. सरेस उकळत बसणाऱ्या सुताराला १९५९ मध्ये बळवंतराय पारेख यांच्या उद्योगाने फेविकॉल दिला. कधीकाळी लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपाई असलेल्या पारेखांनी आपला माल थेट सुतारांपर्यंत पोहोचवला. मिस्त्री ‘चालेल’ म्हणाला की घरमालकाची शंका अर्धी मिटे.

९/ आणि मीरा-भाईंदर वाढले ते नेमके याच काळात. १९८५ मध्ये नगरपालिका, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २००१ मध्ये ५ लाख २० हजारांवर गेली. चाळीतून आलेल्या कुटुंबाकडे नवा फ्लॅट होता, डोक्यावर कर्ज होते आणि सागाचा भाव आवाक्याबाहेर होता. शहरच्या शहर प्लायवुडने सजले. देव्हारा मात्र, जमेल तेथे, सागवानीच राहिला. साजूक तुपाचे जसे झाले तसेच: रोजच्याला डालडा, नैवेद्याला साजूक.

१०/ खाडीकाठच्या दमट हवेने स्वस्त माल लगेच उघडा पाडला. सिंकखालची फळी फुगली की शेजारीपाजारी निष्कर्ष निघे, ‘प्लायवुड वाईट’. प्रत्यक्षात वाईट असे ती गोंदाची प्रत. म्हणूनच ‘मरीन’ हा शब्द इतका चालला. भारतीय मानक ७१० नुसार या प्लायचा जोड ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. आता किचन ट्रॉलीला समुद्रात कोण सोडणार आहे? तरीही जहाजाचे नाव लागले की गिऱ्हाईक निर्धास्त होते. गोदीची पुण्याई अशी अजून खपते आहे.

११/ १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. ईशान्येतील अनेक प्लायवुड कारखाने बंद पडले. धंदा यमुनानगरकडे, शेतात वाढवलेल्या पॉपलर आणि निलगिरीकडे सरकला. पॉपलर फिकट आणि हलके. हाताला हलके लागले की मनालाही हलकेच वाटते. त्यामुळे वरचा ताव लालसर गर्जनचा असलेली फळी ‘अस्सल’ ठरली. हे गर्जन मोठ्या प्रमाणात येई ते पुन्हा ब्रह्मदेशातून, म्हणजे म्यानमारमधून.

१२/ १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. गर्जन महागले, पण गिऱ्हाइकाची लाल रंगाची मागणी तशीच राहिली. मग काही कारखाने फिकट तावाला लाल रंग देऊ लागले. आज प्लायच्या दुकानात गेलात, तर फळीचा वरचा चेहरा पाहून थांबू नका. कापलेली कड उजेडात धरा, थर मोजा, त्यांच्यामध्ये पोकळी दिसते का ते पाहा आणि मग शिक्क्यावरचा मानक क्रमांक वाचा.