खोलीची गोष्ट : माझगाव ते फेल्डहोवन

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी हॉलंडमध्ये फेल्डहोवन येथे नोकरीस लागली, तेव्हा अश्दोदला आमच्या घरी पेढे वाटले गेले. महिन्याभराने तिचा फोन आला आणि घरात काळजी शिरली. फेल्डहोवनला परवडेल अशी जागा न मिळाल्याने तिने शेजारच्या आइंडहोवन शहरात, वुन्सेल-वेस्ट या वस्तीत एक खोली घेतली होती. ती वस्ती बदनाम आहे, असे कोणीतरी बहिणीच्या कानावर घातले. बहीण मला म्हणाली, "ताई, तू नर्स म्हणून सगळ्या तऱ्हेची माणसे पाहिली आहेस. तूच जाऊन बघून ये." मी गेले, पंधरा दिवस राहिले. तेथे जे पाहिले, विचारले व वाचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

फेल्डहोवन हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. १९२१ साली फेल्डहोवन-मेरफेल्डहोवन, झेल्स्ट व ऊर्ले मिळून आजची नगरपालिका झाली. आइंडहोवनही फार मोठे नव्हते. १८९१ साली फिलिप्स पितापुत्रांनी तेथे विजेच्या दिव्यांचा कारखाना काढला आणि गावाचे नशीब पालटले. कामगार येऊ लागले, पण त्यांना राहायला घरे कोठून येणार? अनेकजण दुसऱ्याच्या घरी पैसे देऊन जेवूनखाऊन राहत. अशा माणसाला डच भाषेत 'कोस्तगांगर' म्हणतात. १९१० पासून कंपनीने फिलिप्सडॉर्प ही वसाहत बांधली. १९२० साली वुन्सेल, स्ट्राइप वगैरे पाच गावे आइंडहोवनमध्ये सामील झाली. पुढे उत्तरेकडील ड्रेंथे प्रांतातून कुटुंबेच्या कुटुंबे आणली गेली. ज्या घरात मुली अधिक त्या घराला विशेष पसंती असे, कारण दिव्याच्या नाजूक कामाला मुलींची बोटे हवी असत.

हे वाचताना मला माझगाव आठवले. माझे वडील पेणहून मुंबईला आले, ते चुलत्याच्या खोलीत पथारी टाकून राहिले. पुढे स्वतःची खोली मिळाली ती दहा बाय बाराची. मोरी आत, संडास सामाईक, माणसे सात. मी एली कदूरी शाळेचा अभ्यास जिन्यातल्या दिव्याखाली केला. वडील आमच्या घरचे कोस्तगांगरच म्हणायचे! सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली पहिले सिनेगॉग उभे राहिले, त्याभोवती आपला इस्रायल मोहल्ला वाढला, तोही असाच. कोकणातून एकजण आला की त्याच्या मागून दुसरा त्याच खोलीत येई.

दोन्ही ठिकाणी एकाच वर्षी कायदे झाले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. १९४७ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा आला व भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्याच वर्षी हॉलंडमध्ये राहत्या जागेच्या वाटपाचा कायदा झाला. महायुद्धाने घरे पडली होती, नवी जोडपी आईबापांच्या एका खोलीत संसार करीत होती. मुंबईत भाडे गोठले, पण भाड्याची नवी घरे पुरेशी बांधली गेली नाहीत. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना, आणि पागडीचा व्यवहार फोफावला. चाळी इतक्या जीर्ण झाल्या की १९६९ साली दुरुस्ती मंडळासाठी वेगळा कायदा करावा लागला. हॉलंडने वाटपाबरोबर बांधकामही केले. १९०१ च्या गृहकायद्याने गृहसंस्थांना सरकारी मदतीचा मार्ग खुला झालाच होता. १९६२ साली युद्धानंतरचे दहा लाखावे घर पुरे झाले.

मग आज तेथे टंचाई का? १९९० नंतर सरकारने हात आखडता घेतला. २०१३ पासून गृहसंस्थांवर जादा कर बसला, तो २०२३ साली उठला. त्या दहा वर्षांत बांधकामाचा पैसा करात गेला. इकडे फेल्डहोवनला एएसएमएल कंपनी वाढत होती. १९८४ साली फिलिप्सच्या आवारातील गळक्या शेडमध्ये जन्मलेली ही कंपनी १९८५ साली फेल्डहोवनला गेली. आज संगणकाच्या चिप्स बनविणारी तिची यंत्रे जगभर जातात आणि देशोदेशीची मुले तेथे कामाला येतात. कामे आली, पण त्या वेगाने घरे आली नाहीत.

वुन्सेल-वेस्ट ही फिलिप्सच्या काळातली कामगारवस्ती. मादक द्रव्ये व देहविक्रयाच्या खिडक्या यांमुळे ती बदनाम झाली. २००७ साली सरकारने सुधारणेसाठी देशातील चाळीस वस्त्या निवडल्या, त्यांत ही होती. तेथील गृहसंस्थेने पडकी घरे नीट केली आणि विद्यार्थ्यांना कमी भाड्यात जागा दिल्या; मोबदल्यात त्यांनी वस्तीतील मुलांसाठी वेळ द्यायचा. औषध रोग्याला मानवेल असे होते, असे मी नर्स म्हणून म्हणेन.

भाचीची खोली मी पाहिली. जिना इतका उभा की गुडघ्यांनी तक्रार केली. स्वयंपाकघर चौघांत मिळून. खाली एक म्हातारी राहते, तिने तिसऱ्याच दिवशी मला कॉफीला बोलावले. "मावशी, आईला काय सांगशील?" भाचीने विचारले. मी म्हटले, "सांगेन की माझगावपेक्षा जागा मोठी आहे आणि शेजार तसाच आहे."

तरी एक गोष्ट आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावी. तेथे खोलीचे भाडे गुणांवर ठरते : क्षेत्रफळ किती, स्वयंपाकघर कसे, याचे गुण मोजतात. १ जुलै २०२३ पासून नव्या करारात मालकाने दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये व करार लेखी द्यावा, असा कायदा आहे. भाचीकडे तीन महिन्यांची अनामत मागितली होती. परक्या देशातील मूल विचारायला भिते, म्हणून गप्प बसते. तिने आम्ही दोघींनी मिळून लिहिलेले पत्र दिले आणि जादा रक्कम परत मिळाली.

आपल्या वडिलांना कायदा माहीत नव्हता, पण चुलत्याची पथारी होती. आपल्या मुलांना कायदा आहे, पथारी नाही. ज्यांची घरे तेथे आहेत, त्या समाजबांधवांनी नव्याने आलेल्या मुलाला पहिला महिनाभर तरी एक कोपरा द्यावा. आपण सर्वजण कोणाच्या तरी कोपऱ्यातूनच वर आलो आहोत.