शाळा सोडल्याच्या दाखल्यानंतर

शाळा सोडल्याचा दाखला आपण सर्वांनीच हाताळला आहे. त्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. गाव बदलले, शाळा बदलली, तर तो भरणे सोपे. पण नववी-दहावीतले मूल कामाला लागते तेव्हा त्या रकान्यातल्या दोन-तीन शब्दांनी त्याचे शिक्षण संपते. निदान आपण तसे धरून चालतो. हा समज कसकसा ढिला होत गेला, त्याची ही हकिकत.

माझे शालेय शिक्षण ओझरला झाले. १९९३-९४ साली मी नववीत होतो. शेजारचे एक काका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करीत. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग ते बिनचूक वाचत. कागदोपत्री मात्र ‘नववी नापास’. एके दिवशी ते माझे गणिताचे पुस्तक मागायला आले. पुन्हा अभ्यास सुरू करायचा होता. दशांश अपूर्णांकांचे प्रकरण उघडून म्हणाले, “हे काही मला जमायचं नाही.” मी ०·०१ लिहून दाखवले आणि हे तुमच्या मायक्रोमीटरवरचे एक घर, असे सांगितले. ते पाहतच राहिले. “अरे, हे तर मी रोज करतो!”

मग प्रश्न असा, की त्यांना येत होते की येत नव्हते? ज्ञान होते, पण ते मोजणारी पट्टी शाळेकडेच होती. शाळा सुटली की पट्टीही सुटली.

शाळेबाहेरच्यांना शिकवण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला रात्री शिकता यावे, ही त्यामागची साधी दृष्टी. पण शाळेबाहेर मिळवलेल्या ज्ञानाला प्रमाणपत्राचे मोल देणे ही पुढची पायरी होती. तिला वेग मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत अनेक तरुण हायस्कूल अर्धवट सोडून सैन्यात गेले होते. त्यांच्यासाठी १९४२ साली ‘जीईडी’ नावाच्या चाचण्या तयार झाल्या. वर्गात किती दिवस बसलात हे न विचारता, आज काय येते ते तपासायचे. १९४७ पासून न्यूयॉर्क राज्याने त्या सामान्य नागरिकांनाही खुल्या केल्या. सैन्यातल्या प्रशिक्षणाचे मोजमाप करून महाविद्यालयीन श्रेयांक देण्याची प्रथाही त्याच सुमारास रुजली. पुढे १९६९ साली ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रवेशासाठी आधीच्या परीक्षेची अट त्याने ठेवली नाही.

भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ साली मुक्त विद्यालयाचा प्रकल्प हाती घेतला. १९८९ साली त्यातून राष्ट्रीय मुक्त विद्यालय उभे राहिले. त्याच वर्षी १ जुलैला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचे यामिकीवरचे पुस्तक आपल्यापैकी काहींनी अभ्यासलेही असेल.

इथे ओझरशी एक धागा जुळतो. ओझरचा मिग विमानांचा कारखाना १९६४ सालचा. तेव्हा यशवंतराव संरक्षणमंत्री होते आणि नाशिकचे खासदारही. कारखान्यामुळे या परिसरात हातात कसब असलेल्या माणसांची एक पिढीच तयार झाली. पंचवीस वर्षांनी त्याच जिल्ह्यात, त्यांच्याच नावाने, असे कसब असूनही शाळा सुटलेल्यांसाठी विद्यापीठ आले, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी विद्यापीठाने ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रम ठेवला. ती बारावी नव्हे. विद्यापीठाच्या पदवी शिक्षणक्रमाचे दार उघडणारी किल्ली. काकांनी तीच वापरली.

या पद्धतीचा गाभा श्रेयांकात आहे. आपल्याकडच्या मुक्त विद्यापीठांत साधारण ३० तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक, असा हिशेब असतो. मोटारीखाली लावायचा जॅक आठवा. प्रत्येक दाबाला गाडी थोडी उचलली जाते आणि हात थांबला तरी खटका तिला खाली येऊ देत नाही. श्रेयांक हा असा खटका आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (हे २००२ पासूनचे नाव) नोंदणी ५ वर्षे चालते, परीक्षेच्या ९ संधी मिळतात आणि पास झालेले विषय जमा राहतात. घरात आजारपण आले, द्राक्षांची छाटणी आली, म्हणून केलेला अभ्यास वाया जात नाही.

मात्र खटका गाडी उचलत नाही; दाब द्यावाच लागतो. दिवसभराच्या कामानंतर एकट्याने पुस्तक उघडणे किती कठीण असते, ते मी काकांकडे पाहून शिकलो. एका वर्षी त्यांनी पुस्तके माळ्यावर टाकली होती. ती पुन्हा खाली आली ती अभ्यासकेंद्रावरच्या एका शिक्षकांमुळे. “या रविवारी का आला नाहीत?” एवढेच त्यांनी विचारले होते. काका पदवीधर झाले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. त्यांना बढती वगैरे काही मिळाली नाही. मुलीच्या शाळेच्या अर्जात ‘वडिलांचे शिक्षण’ या रकान्यापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने ‘बी. ए.’ लिहिले, तो अर्ज त्यांनी आम्हा सगळ्यांना दाखवला होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेवर मध्येच थांबून परत येण्याची मुभा मान्य केली. २०२१ साली श्रेयांक साठवणारी बँकही आली. शाळेबाहेरच्यांसाठी घडलेली कल्पना अशी मुख्य रस्त्यावर आली आहे.

तेव्हा यापुढे तुमच्या टेबलावर असा दाखला सहीला येईल, त्या वेळी दोन मिनिटे काढा. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते, मुक्त विद्यालय आहे, मुक्त विद्यापीठ आहे, हे त्या मुलाला सांगा. गुणपत्रके जपून ठेवायला सांगा. आणि सही करून झाल्यावर, परत कधी येणार, हेही विचारा.