नाताळच्या सुटीतले अजिंठे

प्रवासवर्णनांच्या अभ्यासात प्रवासी कोण होता, कुठे गेला, त्याने काय पाहिले याची चर्चा पुष्कळ होते. तो नेमका त्याच महिन्यात का गेला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण प्रवासी शिक्षक असेल, आणि तोही आपला देश सोडून परक्या देशात शिकवणारा असेल, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा त्यातूनच होतो, असे आम्हाला वाटते. भगिनी निवेदितांची अजिंठ्याची भेट या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

निवेदिता, म्हणजे पूर्वाश्रमीच्या मार्गारेट नोबल, 1898 च्या जानेवारीत कलकत्त्याला आल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बागबाजारातील बोसपाडा गल्लीत त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. लंडनमध्येही त्या शाळाच चालवीत होत्या. पेशा नवा नव्हता, देश नवा होता. त्यांच्या भारतातील भ्रमंतीकडे चरित्रकार बहुधा तीर्थयात्रा म्हणून किंवा राष्ट्रकार्य म्हणून पाहतात. दोन्ही खरेच आहे. पण तारखा ओळीने मांडून पाहाव्यात. बोधगयेचा प्रवास 1904 च्या ऑक्टोबरातला. बरोबर जगदीशचंद्र बोस, अबला बोस, रवींद्रनाथ आणि त्या वेळी पाटण्याला शिकवणारे यदुनाथ सरकार. केदारनाथ-बदरीनाथची यात्रा 1910 च्या मे-जूनमधली. मायावतीचा मुक्काम 1911 च्या उन्हाळ्यातला. आणि अजिंठा 1909 च्या डिसेंबरातला. दुर्गापूजेची सुटी, उन्हाळ्याची सुटी, नाताळची सुटी! साधनेचे आणि राष्ट्रकार्याचे वेळापत्रक प्रेसिडेन्सी कॉलेजच्या सूचनाफलकावर लागत होते, असे म्हटले तर त्यात अनादर नाही.

कारण उघड आहे. निवेदितांची शाळा त्यांच्या स्वतःच्या हातात होती. पण त्यांचे नेहमीचे सहप्रवासी जगदीशचंद्र 1885 पासून प्रेसिडेन्सी कॉलेजात सरकारी नोकरीत होते. कॉलेज बंद झाले की बिऱ्हाड निघायचे. प्रवासातही काम थांबत नसे; जगदीशचंद्रांच्या ग्रंथांच्या लेखनात निवेदितांचा हात होता आणि त्या लेखनाला निवांतपणा मिळे तो अशाच सुट्यांत. शिक्षकाची सुटी ही विश्रांती नसून जागा बदलून केलेले काम असते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको.

1909 च्या जुलैत निवेदिता दोन वर्षांच्या पाश्चात्त्य देशांतील मुक्कामानंतर परत आल्या होत्या. त्यानंतरचा पहिलाच हिवाळा. अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. म्हणजे ब्रिटिश मुलुखातील कलकत्त्याहून पाहता तेही एक परराज्यच. नाताळची सुटी बेताचीच. तिच्यातून आगगाडीच्या जाण्यायेण्याचे दिवस वजा करावेत, मग पुढचा कच्चा रस्ता आणि फर्दापूरचा मुक्काम. उरतात ते मोजके दिवस. एवढ्या दिवसांत तीसएक लेणी समजून घ्यायची म्हणजे काय, हे ज्याने वर्गाची सहल नेली आहे त्याला चांगले ठाऊक असते.

तरीही त्या मोजक्या दिवसांतून निवेदितांनी जे लिहिले ते सहलीच्या आठवणींचे लेखन नव्हे. 'मॉडर्न रिव्ह्यू'त 1910 मध्ये आलेल्या लेखाचे नाव 'द एन्शंट अ‍ॅबी ऑफ अजंता'. 'अ‍ॅबी' हा ख्रिस्ती मठजीवनातला शब्द. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या लेखिकेने वाघोरेच्या काठी तो आणून ठेवावा, यात परकेपणा दिसतो खरा. पण त्यामुळेच ही लेणी म्हणजे चित्रांचे संग्रहालय नसून माणसांच्या राहण्याची जागा आहे, ही गोष्ट तिला आधी दिसली. लेणी कोणत्या क्रमाने वाढली असतील याचा त्या विचार करतात, आणि बौद्ध शिल्पाचे मूळ गांधारात, पर्यायाने ग्रीकांत, शोधणाऱ्या मताशी वाद घालतात. वादाच्या भरात काही विधाने आज टिकण्यासारखी राहिलेली नाहीत. पण प्रश्न विचारण्याची रीत अस्सल शिक्षिकेची आहे.

येथे एक विसंगती आम्हाला नेहमी खुणावते. भिक्षूंच्या जीवनात विहाराला खरे महत्त्व येई ते वर्षावासात. आठ महिने चारिका करावी आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे, हा त्यांचा नेम. म्हणजे वाघोरा दुथडी भरून वाहते आणि कड्यावरून पाणी कोसळते, तो काळ अजिंठ्याच्या भरल्या घराचा. आधुनिक काळात अजिंठ्याचा अभ्यास करणारे मात्र बहुतेक हिवाळ्यात आले, नदीच्या दगडांवरून पाय न भिजवता पलीकडे जाता येते तेव्हा. प्रवास थांबवण्यासाठी कोरलेल्या जागा आम्ही ओळखतो त्या प्रवाशांच्या हंगामातून.

हा हंगाम निवेदितांच्या आधीच ठरून गेला होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत 1865 साली शिकवायला आलेले जॉन ग्रिफिथ्स 1872 ते 1885 या काळात, मधला खंड सोडता, थंडीच्या दिवसांत विद्यार्थ्यांसह अजिंठ्याला येऊन चित्रांच्या प्रतिकृती करीत. त्यांच्यासाठी ही सुटी नव्हती. सरकारी मंजुरीने शाळाच लेण्यांत हलवलेली होती. पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी तेथे घडले. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून लावलेल्या व्हार्निशने पुढे मूळ चित्रांचे नुकसान केले, आणि लंडनला पाठवलेल्या प्रतिकृतींपैकी पुष्कळ 1885 च्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सचे दोन खंड 1896-97 मध्ये निघाले. मुखपृष्ठावर अर्थातच गुरूंचे नाव.

1909 च्या हिवाळ्यात अजिंठ्यात पुन्हा प्रतिकृतींचे काम चालू होते. या वेळी ते क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीचे. तिला मदतनीस हवे होते. अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार तेथे गेले यामागे निवेदितांचा आग्रह होता. वेंकटप्पा आणि समरेंद्रनाथ गुप्त यांनीही या कामात भाग घेतला. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले. निवेदितांच्या सुटीचे फळ कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही त्यांच्या लेखाआधी या आग्रहाकडे बोट दाखवू. सुटीवर आलेला माणूस पाहतो आणि परततो. भिंतीसमोर आठवडेच्या आठवडे बसून रेषा गिरवणारा निराळाच होऊन उठतो. आपल्याजवळ किती दिवस आहेत हे निवेदितांना ठाऊक होते, म्हणून ज्यांच्याजवळ अधिक दिवस होते त्यांना त्यांनी पाठवले.

पुढे हे तरुणही शिक्षक झाले. नंदलाल शांतिनिकेतनच्या कलाभवनात, हलदार लखनौच्या कलाशाळेत. 1921 साली दोघे, सुरेंद्रनाथ करांसह, बाघच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करायला गेले. सय्यद अहमद अजिंठ्यालाच राहिले आणि पुढे तेथील अभिरक्षक झाले. सुटी संपल्यावरही अजिंठा सोडून न गेलेला त्या मेळ्यातला हा माणूस. आणि त्याच्याविषयी आपल्या मराठवाड्यातही फारसे लिहिले जात नाही.

बोसपाडा गल्लीतल्या मुलींचे काय, हा प्रश्न उरतोच. अजिंठ्याच्या भिंतींवर स्त्रिया जागोजागी आहेत, दासींपासून राण्यांपर्यंत. त्या पाहून बाई परत वर्गात गेल्या असतील तेव्हा समोर बसलेल्या मुलींपैकी कितीजणींना कलकत्त्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभा असेल? सुटी शाळेला मिळते तेव्हा ती सगळ्यांना सारखीच मिळते असे नाही. शिक्षिकेला ती देशभर घेऊन जाते आणि विद्यार्थिनीला घरात परत पाठवते.

1911 च्या पूजेच्या सुटीत निवेदिता बोस पती-पत्नींबरोबर दार्जिलिंगला गेल्या. तेथेच 13 ऑक्टोबरला त्यांचा मृत्यू झाला. वय चव्वेचाळीस होण्यास दोन आठवडे उरले होते. अजिंठ्यावरचे लेखन 'फुटफॉल्स ऑफ इंडियन हिस्टरी' या त्यांच्या पुस्तकात 1915 मध्ये आले. हेरिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रतिकृतींचे 'अजंता फ्रेस्कोज' हे पुस्तक लंडनच्या इंडिया सोसायटीने काढले तेही त्याच वर्षी.