वल्ह्याचें माप

छत्रपति संभाजीनगरची छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलें म्हणजे पडेगांव लागतें. येथून समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, आणि शहराजवळून वाहणारी खाम नदी पावसाळा सरला कीं नांवापुरती. अशा गांवच्या मंडळींपुढें वल्ह्याची कथा सांगावी हें प्रथमदर्शनीं विपरीतच वाटेल. परंतु ह्याच गांवापासून दक्षिणेस पन्नास-साठ किलोमीटरांवर पैठण आहे. तेथें गोदावरीवर बांधलेलें जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या मागें पसरलेला नाथसागर भरला म्हणजे सुमारें साडेतीनशें चौरस किलोमीटर पाणी डोळ्यांपुढें उभें राहतें. ज्या मराठवाड्यांत घागरीघागरीचा हिशेब करावा लागतो, त्याच मराठवाड्यांत एवढें पाणी पाहिलें कीं तरुणांना होडीची हौस सुटते, ह्यांत नवल तें काय?

हौस होडीची सुटते, वल्ह्याची सुटत नाहीं, ही खरी गोम आहे. होडी घेणारा तिची लांबी विचारतो, रंग विचारतो, किंमत तर विचारतोच. वल्हें मात्र दुकानदार कोपऱ्यांतून जें उचलून देईल तें तो मुकाट्यानें घेऊन येतो. वस्तुतः होडी बनते ती पाण्याच्या मानानें; वल्ह्याला मात्र एकाच वेळीं दोन धन्यांची मर्जी राखावी लागते, एक होडीची आणि दुसरी माणसाच्या देहाची. ह्यांतील एकाची मर्जी राखली गेली नाहीं तर त्याचें प्रायश्चित्त खांदा आणि मनगट भोगतात. हा प्रश्न आजचा नव्हे, फार जुना आहे.

संस्कृत वाङ्‌मयांत वल्ह्याची ओळख प्राचीन आहे. ऋग्वेदांत अश्विनीकुमारांनीं भुज्यूला समुद्रांतून सोडविलें त्या प्रसंगीं शंभर अरित्रांच्या नौकेचा उल्लेख येतो. पुढें अमरकोशानें दोन निरनिराळीं साधनें नोंदलीं. नौकादंड किंवा क्षेपणी हें नाव लोटण्याचें, आणि अरित्र किंवा केनिपातक हें तिचें तोंड वळविण्याचें. कोशकारांना जो भेद दिसला तो आजच्या गिऱ्हाइकालाहि दिसला पाहिजे. त्यांत आणखी एक भेद मिळवावा लागतो. कांहीं वल्हीं होडीच्या कांठावर खुंटीला अथवा दोरीच्या कडीला अडकविलेलीं असतात. वल्हविणारा जाण्याच्या दिशेकडे पाठ करून बसतो आणि वल्ह्याचा भार कांठ सोसतो. दुसरीं अगदीं सुटीं, केवळ हातांत धरलेलीं. त्यांत माणसाचें तोंड पुढें असतें, पण सारा भार त्याच्या बाहूंवर येतो. मापाचा खरा कस लागतो तो ह्या दुसऱ्या जातीला.

पैठणच्या सातवाहनांचें नांव सांचीच्या दक्षिण तोरणावर कोरलेलें आहे. त्याच स्तूपाच्या पूर्व तोरणावर पुरांत सांपडलेल्या बुद्धाकडे नाव घेऊन निघालेल्या काश्यपाचें शिल्प आहे. त्या नावेंतील माणसांनीं वल्हीं हातांत धरलीं आहेत. खुंटी नाहीं, कडी नाहीं. पडेगांवपासून शंभरएक किलोमीटरांवर अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत जें जहाज रंगविलें आहे तें ह्याहून फार मोठें, तीन शिडांचें. त्याला ढकलण्याचें काम वारा करतो, वल्हें उरलें आहे तें सुकाणूच्या कामापुरतें. हीं दोन चित्रें मनांत शेजारीं शेजारीं ठेवावीं. नाव लहान, तों वल्हें माणसाचें. नाव मोठी झाली कीं तें नावेचें होतें.

पैठणला राजधानी असूनहि तेथला माल गोदावरीनें खालीं जात नसे, हें येथें सहज सांगण्यासारखें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकांत, ‘पेरिप्लस’मध्यें, पैठण हें भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तेथून माल गाड्यांवर लादून येतो असें म्हटलें आहे. दख्खनच्या नद्या चार महिने उधाणतात आणि आठ महिने खडकांतून वाट काढतात. त्यामुळें वल्ह्याची विद्या देशावर फारशी वाढली नाहीं. ती वाढली घाटाखालीं, खाडीच्या तोंडाशीं. तेथें कोळ्यांनीं, भंडाऱ्यांनीं, गाबितांनीं अरुंद होडीला उलांडी बांधून तिचा तोल सांभाळला आणि वल्ह्याला घरांतल्या मुसळाइतकें ओळखीचें करून सोडलें.

मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास लिहिणारे तोफा मोजतात, जहाजें मोजतात. वल्हीं मोजणारा विरळा. तें काम एका परक्या इतिहासकारानें केलें आहे. अठराव्या शतकांत कंपनी सरकारचा इतिहास लिहिणारा रॉबर्ट ऑर्म सांगतो कीं, गलबत क्वचितच सत्तर टनांहून मोठें असे, त्याला चाळीस-पन्नास भक्कम वल्हीं असत आणि तीं चालविलीं म्हणजे गलबत तासाला चार मैल जाई. हा वेग ऐकायला बेताचा वाटतो. पण वारा पडला म्हणजे इंग्रजांचें तोफांनीं भरलेलें जहाज जागच्या जागीं डुलत राही, तेव्हां हेच चार मैल सर्वस्व ठरत. वारा नसतांना गलबतें वल्हीं मारीत जड गुराबांना ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून उभ्या करीत. १६७९ सालीं शिवाजी महाराजांनीं खांदेरीवर बांधकाम आरंभिलें तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं बेटाला वेढा घातला. परंतु रात्रीच्या अंधारांत उथळ पाण्यांतून लहान नावा सामान घेऊन बेटाला लागतच राहिल्या. त्या वर्षीं १८ ऑक्टोबरला जी लढाई झाली तींत ‘डव्ह’ नांवाची इंग्रजी गुराब मराठ्यांच्या हातीं लागली. ‘रिव्हेंज’नें मात्र तोफांच्या जोरावर निभावून नेलें. वल्ह्यांना तोफ उलथवितां येत नाहीं. पण तोफेची नजर चुकवितां येते, हें खांदेरीच्या वेढ्यांत दिसून आलें.

तरीपण गलबताचें वल्हें गलबताला मापून तासलेलें असे. त्यावर उद्यां कोण बसणार हें सुताराला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. माणसाला मापून वल्हें तासण्याची रीत पाहावयाची तर फार दूर, ग्रीनलंडच्या बर्फाळ किनाऱ्यावर जावें लागतें. तेथील इनुइट लोकांची शिकारीची होडी म्हणजेच कयाक. लांकडाच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ती बनवीत, आंत एकच माणूस बसे, आणि हातांत दोन्हीं टोकांना पातें असलेलें एकच वल्हें असे. त्या देशांत झाड उगवत नाहीं म्हटलें तरी चालेल. समुद्र वाहून आणील तेवढेंच लांकूड. अशा दुष्काळांत तासलेली कोणतीहि वस्तु वायां जाऊन चालणार नव्हती. म्हणून मापाचा गज त्यांनीं आपल्या शरीरांतच शोधला. गांवोगांव थोडाफार फरक होताच, पण साधारण रीत अशी. होडीची लांबी मालकाचे दोन्हीं हात पसरल्यावर होणाऱ्या अंतराच्या तिप्पट, तिची रुंदी कंबरेहून दोन मुठी अधिक, आणि वल्ह्याची लांबी पसरलेल्या हातांएवढी अधिक कोंपरापासून बोटांच्या टोकापर्यंत.

मराठी माणसाला हें माप परकें नाहीं. पसरलेल्या दोन हातांना आपल्याकडे वांव म्हणतात, आणि कोंपरापासून बोटांपर्यंतच्या अंतराला हात. विहिरीचा दोर वांवेनें मोजला जाई, कापड हातानें. तेव्हां ग्रीनलंडच्या शिकाऱ्याचें वल्हें म्हणजे एक वांव आणि एक हात! साडेपांच फूट उंचीच्या मनुष्याची वांव जवळजवळ तेवढीच भरते आणि हात सुमारें पाऊण वार असत नाहीं, अर्धा वार असतो. बेरीज सात फुटांच्या आसपास येते. पांच फुटांच्या स्त्रीला तेंच माप साडेसहा फुटांच्याहि आंत येईल. पात्याची रुंदी किती? मुठीत धरतां येईल तेवढी. दोन पात्यांमधला दांडा किती? खांद्यांच्या रुंदीहून किंचित् अधिक. कोठेंहि आंकडा नाहीं, आणि तरी चूक होण्यास जागा नाहीं.

ही होडी युरोपांत करमणुकीची झाली ती जॉन मॅकग्रेगर ह्या लंडनच्या वकिलामुळें. १८६५ सालीं त्यानें ‘रॉब रॉय’ नांवाची पंधरा फुटी लांकडी होडी करविली आणि युरोपांतील नद्या व सरोवरें पालथीं घातलीं. तिची रुंदी अठ्ठावीस इंच आणि वल्हें सात फूट. त्याचें पुस्तक पुढल्याच वर्षीं निघालें व घरोघर वाचलें गेलें. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें कयाकच्या शर्यती आल्या. खेळ वाढला, कारखाने निघाले, आणि येथें एक उलटापालट झाली: शिकारी आपल्या देहावरून माप काढी, कारखाना होडीच्या रुंदीवरून काढूं लागला. दोन फुटांहून अरुंद होडीला २१० ते २२० सेंटिमीटर, त्याहून रुंद होडीला २३० किंवा त्याहूनहि लांब, असे तक्ते दुकानांत टांगलेले असतात. ते खोटे नाहींत, पण अर्धे आहेत. रुंद होडींत बसलेल्याला पाणी दूर पडतें. वल्हें आंखूड असेल तर बोटांचीं पेरें कांठावर घांसतात आणि दर खेपेला कंबरेंत वांकावें लागतें. पण त्याच होडींत साडेपांच फुटी बाप आणि त्याची बारा वर्षांची मुलगी बसली, तर तक्ता दोघांना एकच वल्हें देईल. मुलगी अर्ध्या तासांत दमेल आणि घरचीं माणसें म्हणतील कीं पोरीला जोर नाहीं.

जोराचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सहज चालीनें जाणारा माणूस मिनिटाला पन्नास वेळां पाणी मारतो, म्हणजे तासाला तीन हजार वेळां. वल्हें शंभर ग्रॅमनें जड असेल तर तासाभरांत तीनशें किलो, म्हणजे तीन क्विंटल ओझें त्यानें फुकट उचललें. ह्यासाठीं पैसे खर्चावयाचेच असतील तर होडीच्या रंगावर न खर्चतां वल्ह्याच्या हलकेपणावर खर्चावे. पात्याचेंहि तसेंच. रुंद पातें पाणी अधिक धरतें खरें. पण विहिरीवर मोठी मोट लावली म्हणजे दर खेपेस पाणी अधिक येतें आणि बैल लवकर बसतात, तोच न्याय येथें लागू. ज्याला शर्यत मारावयाची नाहीं, सकाळभर पाण्यावर राहावयाचें आहे, त्याला अरुंद पातें बरें. दांडा फार जाड असला तर मूठ आवळून धरावी लागते आणि संध्याकाळपर्यंत मनगटाच्या शिरा सुजतात. अंगठा आणि तर्जनी दांड्याभोंवतीं जवळजवळ भेटावीं.

खुंटीच्या वल्ह्यालाहि देहाचें माप चुकत नाहीं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ पासून मुळा-मुठेवर आहे, आणि लष्कराचें नौकानयनाचें शिक्षणहि पुण्यासच होतें. ह्या शिक्षणांतून पुढें आलेला दत्तु भोकनळ हा चांदवड तालुक्यांतल्या तळेगांव रोहीचा, पाण्याच्या टंचाईच्या मुलखांतला. सैन्यांत शिरला तेव्हां त्याची उंची शिक्षकांच्या डोळ्यांत भरली. लांब बाहूंचा माणूस वल्हें अधिक मागून धरतो आणि अधिक पुढें सोडतो. प्रत्येक खेपेला थोडें थोडें अंतर गांठीस पडतें. दोन वल्ह्यांच्या शर्यती होडीचें एकेक वल्हें २८५ ते २९० सेंटिमीटर असतें, त्यांतला सुमारें ८८ सेंटिमीटरांचा भाग खुंटीच्या आंत. हा आंतला भाग दोन-चार सेंटिमीटरांनीं पुढेंमागें करून शिक्षक वल्हें माणसाला लावून देतात. २०१८ च्या आशियाई खेळांत भोकनळ आणि त्याच्या तीन सोबत्यांनीं चौघांच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें.

नाथसागराची गोष्ट निराळी. तें १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हां होडी सोडण्यापूर्वीं परवानगी काढणें आलें, आणि अंगांत तरंगण्याचें जाकीट असल्याखेरीज कांठ सोडणें नव्हे. उघड्या, विस्तीर्ण पाण्यावर वारा सुटला कीं लाटा उठतात, आणि हवेंत वर उचललेलें पातें शिडासारखें वारा धरतें. म्हणून पुष्कळ वल्ह्यांच्या मध्यावर सांधा असतो. तो फिरविला म्हणजे एक पातें पाण्यांत उभें असतां दुसरें वाऱ्याला धार दाखवितें. तीस अंशांपासून साठ अंशांपर्यंत जो कोन मनगटाला सोसेल तो घ्यावा.

दुकानांत जाण्यापूर्वीं हें सारें घरींच पाहतां येतें. भिंतीला पाठ लावून हात पसरावेत, दोन्हीं मधल्या बोटांच्या टोकांशीं खडूनें खुणा कराव्यात, आणि त्यांत आपला एक हात मिळवावा. मग धुणें वाळत घालण्याची काठी तेवढ्या मापावर दोरा बांधून घ्यावी, पाटावर बसावें आणि ती डोक्यावर आडवी धरावी. कोंपरें काटकोनांत आलीं म्हणजे मुठी जेथें पडतील तेथें वल्हें धरावयाचें. होडी रुंद असेल तर दुकानदाराच्या तक्त्यावरून वीतभर वाढवावी. घरांत चार माणसें होडींत बसणार असतील तर भिंतीवर खुणांच्या चार जोड्या उमटतील, आणि त्यांतल्या कोणत्याहि दोन सारख्या नसतील.