खिळ्यावर जिंकायची शर्यत

‘पाइनवुड डर्बी’ सुरू झाली १९५३ साली, कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला. डॉन मर्फी विमानं बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमध्ये नोकरीला होते आणि गावातलं लहान मुलांच्या कब स्काउटचं पथक चालवत. तेव्हा गाजत असलेल्या ‘सोप बॉक्स डर्बी’त मुलं स्वतः गाडीत बसून उतारावरून येत, पण त्यासाठी बारा वर्षांचं व्हावं लागे आणि मर्फींचा मुलगा दहाचा. मर्फींनी गाडीच लहान केली. पाइनचा ठोकळा, चार चाकं आणि आखाच्या जागी खिळे. १५ मे रोजी पहिली शर्यत झाली. पुढच्याच वर्षी ‘बॉइज लाइफ’ मासिकात तिची माहिती आली आणि ती देशभर पसरली.

मी पुण्यात टूलरूममध्ये हयात घालवलेला माणूस. अमेरिकेतल्या नातवामुळे या खेळात पडलो. इथे इंजिन नाही, वजनाला ५ औंसांची म्हणजे १४२ ग्रॅमची मर्यादा, आणि उतार सगळ्यांना सारखाच. मग चढाओढ जाऊन जाऊन जाते खिळा आणि चाकाच्या भोकात.

तिथलं घर्षण कमी करायला तेल बहुतेक पथकांत चालत नाही. त्याने ट्रॅक खराब होतो. म्हणून ग्राफाइटची पूड. तिचे थर एकमेकांवरून घसरतात, पण त्याला हवेतली वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर गेलेल्या विमानांतले जनरेटरचे कार्बन ब्रश भराभर झिजू लागले, तेव्हा हे लक्षात आलं. मॉलिब्डेनम डायसल्फाइडला वाफेची गरज नाही. अवकाशयानांत वापरतात ते हेच. डर्बीवाल्यांनी तेही वापरून पाहिलं.

पुष्कळ बाप चाक बोटाने फिरवतात आणि किती वेळ फिरलं ते घड्याळावर बघतात. माझा त्यावर भरवसा नाही, कारण मोकळ्या चाकावर गाडीचा भारच नसतो. गाडी पूर्ण वजनानिशी त्याच उतारावरून सोडावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पूडही नंतरची. आधी खिळा ड्रिलमध्ये धरून डोक्याखालची बर, म्हणजे राहिलेली खरखरीत कड, कानशीने उतरवायची, मग बारीक, त्याहून बारीक पॉलिश पेपर, शेवटचे हात ओल्या पेपरचे. भिंगाखाली रेघा दिसेनाशा झाल्या की ग्राफाइट घालून चाक फिरवत राहायचं, पूड भोकाला चांगली बसेपर्यंत.

आता हे आठ वर्षांचा मुलगा एकटा करणार का? मोठ्यांची हौस कुठवर जाते, ते १९७३ मध्ये ॲक्रनच्या सोप बॉक्स डर्बीत दिसलं. जिंकलेल्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक निघाला! त्या मानाने पाइनवुडची बरीच पथकं शहाणी. मोठ्यांसाठी ती वेगळा ‘ओपन’ गट ठेवतात. ड्रिल आणि कानस घेऊन मी त्या गटात उतरतो. नातवाला पेपर कसा धरायचा ते दाखवलंय. त्याचे खिळे तोच घासतो.