दादा आणि ‘-गिरी’

थोरल्या भावाला उद्देशून येणाऱ्या ‘दादा’ या शब्दाला शिपाईगिरी, गुलामगिरी यांत दिसणारा ‘-गिरी’ हा फारसीतून आलेला प्रत्यय लागला आणि ‘दादागिरी’, म्हणजे वडीलकीचा हक्क बळजबरीने गाजवणे, हा शब्द रूढ झाला. उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये, म्हणजे लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीत, तो दोन भाषांना ओळखीचा आहे, कारण सिंधीतही ‘दादा’ थोरला भाऊच. ‘दादी’ मात्र तेथे आजी नव्हे, थोरली बहीण असते, आणि सिंधमध्ये उगम पावलेल्या ब्रह्माकुमारी पंथाने आपल्या प्रमुख साधिकांना हेच संबोधन दिले. ‘दादी’ला ‘-गिरी’ तशी चिकटली नाही. ‘दादा’ मात्र रस्त्यावरही मिरवतो: महाराष्ट्रात मोटारसायकलच्या नंबरपाटीवरील 4141 या आकड्यांना, नियमबाह्य असूनही, शिरोरेषा ओढून ‘दादा’ असे रूप दिले जाते. टोळीचा म्होरक्याही ‘दादा’च, आणि त्याची बायको साऱ्या टोळीची ‘वहिनी’, म्हणजे त्याच्या नात्यानेच ओळखली जाणारी. अमेरिकेत हेल्स एंजल्ससारख्या ‘आउटलॉ’, म्हणजे कायदा न जुमानणाऱ्या, मोटारसायकल टोळ्यांत स्त्रीला सदस्यत्व नसते आणि ती कोणाची ‘मालमत्ता’ हे तिच्या जाकिटावर लिहिण्याची प्रथा रूढ झाली. ‘वहिनी’त तीच मालकी, अर्थात बऱ्याच अदबीने, सांगितली जाते.