परवाना की वर्गणी? : दूरचित्रवाणी-शुल्काच्या इतिहासातील एक प्रश्न

दूरचित्रवाणीचा संच घरी बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने त्याबद्दल वार्षिक शुल्क द्यावे काय, हा प्रश्न ब्रिटनमध्ये पुन्हा ऐरणीवर आला आहे. बी. बी. सी.च्या विद्यमान राजसनदेची मुदत ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. एप्रिल २०२५ मध्ये हे शुल्क वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स इतके झाले. आणि जी पिढी दूरचित्रवाणीपुढे बसतच नाही तिने ते का भरावे, असे तेथे उघडपणे विचारले जाते. भारतात हे शुल्क रद्द होऊन चार दशके लोटली असल्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना हा वाद परका वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ब्रिटनमधील आणि भारतातील शुल्क एकाच कायदेशीर कल्पनेतून निघाले, आणि पुढे दोघांच्या वाटा जेथे फुटल्या त्या जागी या वादाचे मर्म सापडते. कुटुंबाने पैसे द्यावेत की नाहीत, या प्रश्नापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो. तो असा की, दिलेला पैसा कोणाच्या हाती पडतो? प्रस्तुत लेखात याच अंगाने दोन्ही देशांचा इतिहास तपासला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. या शुल्काला इंग्रजीत आणि आपल्याकडेही 'परवाना' म्हणण्यात आले, 'वर्गणी' म्हटले गेले नाही. याचे कारण असे की, त्याचा जन्म नभोवाणीच्या आधीचा आहे. तारायंत्राचा एकाधिकार शासनाचा, हे तत्त्व भारतात १८८५ च्या तारायंत्र अधिनियमाने प्रस्थापित केले होते. बिनतारी संदेशाचा शोध लागताच ब्रिटनने १९०४ च्या कायद्याने त्यालाही हाच नियम लावला. ज्या गोष्टीवर शासनाचा अनन्य अधिकार आहे ती प्रजाजनाने वापरावयाची तर अनुज्ञा घेतलीच पाहिजे, एवढाच त्यातील विचार होता. कार्यक्रम, कलावंत, वार्तापत्र यांचा त्यात मागमूस नाही. श्रोत्याकडून पैसे घेण्याची सोय आधी झाली. त्या पैशांचे काय करावयाचे, याचा विचार पुढे झाला.

ब्रिटनमध्ये तो विचार झाला, आणि त्याला फार वेळही लागला नाही. १९२२ मध्ये यंत्रसामग्रीच्या उत्पादकांनी मिळून ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली तेव्हा परवान्याचे दर वर्षाला दहा शिलिंग ठरले. टपाल खाते त्यांतील निम्मे स्वतःकडे ठेवी व निम्मे कंपनीला देई. शिवाय संचांच्या विक्रीवर कंपनीला स्वामित्वशुल्क मिळे. ही घडी लवकरच विसकटली, कारण हौशी मंडळी घरच्या घरी संच जुळवू लागली आणि स्वामित्वशुल्क बुडू लागले. १९२३ च्या साइक्स समितीने हा गुंता सोडविताना जाहिरातींचा मार्ग नाकारला आणि परवान्याचा पैसा हाच प्रक्षेपणाचा मुख्य आधार मानला. त्यानंतर दहा शिलिंगांपैकी साडेसात कंपनीच्या वाट्याला येऊ लागले. पुढे क्रॉफर्ड समितीच्या शिफारशीनुसार १ जानेवारी १९२७ रोजी कंपनीचे रूपांतर राजसनदेने स्थापिलेल्या महामंडळात झाले. परवान्याचे नाव तेच राहिले. आशय मात्र पालटला. अनुज्ञेचे मूल्य म्हणून घेतलेला पैसा आता एका विशिष्ट संस्थेच्या निर्वाहाची वर्गणी बनला. टपाल खात्याचा वसुलीखर्च आणि अर्थखात्याचा हिस्सा त्यातून वजा होत असे, हे खरे. १९३० च्या सुमारास तर अर्थखात्याने आपला हात बराच सैल सोडला होता. तथापि उरलेली रक्कम महामंडळाचीच, ही समजूत एकदा रूढ झाल्यावर तिला धक्का लावणे कोणत्याही मंत्रिमंडळास सोपे राहिले नाही.

येथे आपल्या ग्रामव्यवस्थेतील एक भेद आठवतो. शेतसारा सरकारात जाई आणि सरकार तो आपल्या मर्जीने खर्ची. बलुते मात्र कुणबी खळ्यावर सुताराच्या, लोहाराच्या पदरात थेट घाली. बलुत्यामागे जातीची व वंशाची बेडी होती, म्हणून या साम्याचा फार विस्तार करणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु देणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये तिजोरी उभी आहे की नाही, हा भेद प्रक्षेपणाच्या इतिहासातही निर्णायक ठरला आहे.

दूरचित्रवाणीने या वर्गणीच्या कल्पनेची खरी कसोटी पाहिली. २ नोव्हेंबर १९३६ रोजी अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित सेवा सुरू झाली ती स्वतंत्र शुल्काविना. म्हणजे लंडन परिसरातील मूठभर सधन घरांतील करमणुकीचा भार देशभरच्या नभोवाणी-श्रोत्यांनी वाहिला. युद्धकाळात बंद पडलेली ही सेवा पुन्हा सुरू होताना, १९४६ मध्ये, दूरचित्रवाणीसाठी दोन पौंडांचा संयुक्त परवाना आला आणि केवळ नभोवाणीचा परवाना एक पौंडाचा झाला. १९५५ च्या सप्टेंबरात जाहिरातींवर चालणारी स्पर्धक वाहिनी निघाली, आणि ती एकच वाहिनी पाहणाऱ्या कुटुंबालाही बी. बी. सी.साठी शुल्क भरणे क्रमप्राप्त झाले. आजच्या तक्रारीचे मूळ येथे आहे. संगणकाच्या युगाने ती तीव्र केली, निर्माण केली नाही. 'मी पाहत नाही, मग देऊ का?' या प्रश्नाला वर्गणीच्या तर्कशास्त्रात उत्तर आहे : वाचनालयाची पट्टी गावाने द्यावयाची ती प्रत्येक जण पुस्तक उचलतो म्हणून नव्हे. परंतु परवान्याच्या तर्कशास्त्रात त्याला उत्तर नाही. आणि नाव परवान्याचेच राहिल्यामुळे ब्रिटिश शासनास हे उत्तर मोकळेपणाने देता आले नाही. शुल्क न भरणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे, हाही त्या जुन्या कल्पनेचाच अवशेष होय.

श्रीमती थॅचर यांच्या शासनाने १९८५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ॲलन पीकॉक यांची समिती नेमली तेव्हा ती बी. बी. सी.वर जाहिराती आणील अशी सर्वत्र अपेक्षा होती. बाजारपेठेवर श्रद्धा असलेल्या या समितीने १९८६ मध्ये जाहिरातींना नकार दिला, आणि शुल्क महागाईच्या निर्देशांकाशी जोडावे अशी सूचना केली. जाहिरातींचा व्यवहार प्रेक्षकाशी नसून जाहिरातदाराशी असतो, ग्राहकाची निवड त्यातून व्यक्त होत नाही, हे समितीचे निरीक्षण आजही विचारार्ह आहे.

तथापि ब्रिटनच्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची भेग लपविणे योग्य नव्हे. दर ठरविण्याचा अधिकार शासनाकडेच राहिला, आणि त्या एका किल्लीने शासनाने अनेक कुलपे उघडली. २०१० मध्ये शुल्क १४५ पौंड ५० पेन्सवर गोठविण्यात आले ते २०१७ पर्यंत तसेच राहिले. पूर्वी परराष्ट्र खात्याच्या अनुदानावर चालणारी जागतिक सेवा त्याच काळात या शुल्कावर टाकण्यात आली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २००० पासून मिळणारी सूट ही शासनाची कल्याणयोजना होती व तिचा खर्च शासन भरी. २०१५ च्या तडजोडीने तो भार महामंडळाकडे सरकविला गेला, आणि ऑगस्ट २०२० पासून महामंडळाने ती सूट निवृत्तिवेतनावर पूरक साहाय्य घेणाऱ्या गरीब वृद्धांपुरती मर्यादित केली. लोकांचा रोष अर्थातच महामंडळावर झाला. श्रीमंत व गरीब यांना एकच दर, हा आक्षेपही दुर्लक्षणीय नाही. जर्मनीने २०१३ मध्ये शुल्काचा संचाशी असलेला संबंध तोडून ते प्रत्येक निवासामागे लावले. त्याच वर्षी फिनलंडने उत्पन्नानुसार बदलणारा स्वतंत्र कर आणला. फ्रान्सने २०२२ मध्ये शुल्क रद्दच केले. उलट स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१८ च्या सार्वमतात मतदारांनी सत्तर टक्क्यांहून अधिक मतांनी शुल्क राखले. हे शुल्क लोकांवर केवळ लादले जाते असे म्हणणाऱ्यांनी या शेवटच्या घटनेचा विचार करावा.

आता भारताकडे वळू. येथे आरंभ ब्रिटनसारखाच झाला, इतका की आकडे सोडता करार नकललेला वाटावा. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू केले. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. पाठोपाठ ऑगस्टमध्ये कलकत्त्याचे केंद्र निघाले. परवान्याचे शुल्क वर्षाला दहा रुपये. त्यातील आठ कंपनीचे. शिवाय आयात यंत्रसामग्रीच्या किमतीवर दहा टक्के. भांडवल मात्र अवघे सहा लाख जमले, आणि त्यातील साडेचार लाख दोन केंद्रांच्या उभारणीतच गेले. १९२९ च्या अखेरीस देशभरचे परवानाधारक पावणेआठ हजारांच्या आसपास होते. आठ रुपयांच्या हिशेबाने कंपनीचे वार्षिक उत्पन्न बासष्ट हजारांच्या घरात येते. एवढ्यात दोन महानगरांची केंद्रे चालणे शक्यच नव्हते. दीड किलोवॉटच्या त्या प्रक्षेपकांचा आवाज शहराबाहेर फार दूर पोहोचत नसे. विनापरवाना ऐकणारेही थोडे नव्हते. १ मार्च १९३० रोजी कंपनीचा कारभार गुंडाळण्यात आला.

येथे वाट फुटली. एप्रिल १९३० मध्ये शासनाने केंद्रे ताब्यात घेतली. १९३१ च्या ऑक्टोबरात ती बंद करण्याचे जाहीर केले. लोकांची व व्यापाऱ्यांची ओरड झाल्यावर निर्णय मागे घेतला. आणि १९३२ च्या मेमध्ये ती स्वतःच चालविण्याचे ठरविले. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी संचांवरील आयात जकात वाढविण्यात आली आणि १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याविना संच नुसता जवळ बाळगणेही दंडनीय ठरले. योगायोग असा की, डिसेंबर १९३२ मध्ये बी. बी. सी.ने लंडनहून साम्राज्य-सेवा सुरू केली आणि ती ऐकण्यासाठी येथील युरोपियनांनी संच घेतले. परवाने झपाट्याने वाढले. कार्यक्रम लंडनचा, परवाना भारत सरकारचा! ब्रिटनमधील १९५५ नंतरच्या तक्रारीचे हे आपल्याकडील पूर्वरूप म्हणता येईल. परंतु तक्रार झाली नाही, कारण वर्गणीची भावनाच नव्हती. १९३५ मध्ये बी. बी. सी.तून आलेल्या लायोनेल फील्डेन यांनी संस्थेला रूप दिले, १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळवून दिले. शासनाच्या खात्याचे महामंडळ करणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

स्वातंत्र्यानंतर ही रचना बदलेल, अशी अपेक्षा होती. ती बदलली नाही. परवान्याचा पैसा भारताच्या एकत्रित निधीत जमा होई आणि आकाशवाणीचा खर्च खात्याच्या मागणीतून मंजूर होई. एकाचा दुसऱ्याशी लेखाशास्त्रापलीकडे संबंध नसे. लोकांच्या अनुभवातील 'लायसन' म्हणजे टपाल कचेरीतील रांग, तिकिटे चिकटविलेली पुस्तिका आणि अधूनमधून येणाऱ्या निरीक्षकाची धास्ती. नभोवाणीसाठी १५ रुपये आणि दूरचित्रवाणीसाठी ५० रुपये, हे १९७० च्या दशकातील दर अनेकांच्या स्मरणात असतील. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली होती; मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले. ५० रुपये देणाऱ्या मुंबईकर कुटुंबाने एका सेवेचे मोल दिले की एक सरकारी पट्टी भरली, असे विचारले असता त्यातील बहुतेकांनी दुसरेच उत्तर दिले असते, असे मानण्यास जागा आहे.

याचा राजकीय परिणाम आणीबाणीत दिसला. १९७५ ते १९७७ या काळात दोन्ही माध्यमे सत्ताधारी पक्षाच्या प्रचारास जुंपली गेली, हे पुढे जनता शासनाच्या श्वेतपत्रिकेने नोंदविले. शुल्क भरणारी लक्षावधी कुटुंबे त्या वेळीही होती. पण आमच्या पैशाने हे का, असे विचारण्याचा आधार त्यांना त्या पैशाने कधीच दिला नव्हता. १९६६ मध्ये चंदा समितीने आणि १९७८ मध्ये वर्गीस समितीने स्वायत्त संस्थेची शिफारस केली होती. शासनांनी त्यातील सोयीचे तेवढे उचलले. जाहिराती मात्र आल्या : १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर, आणि त्याही प्रथम मुंबई, पुणे व नागपूर या आपल्याच केंद्रांवर, १ जानेवारी १९७६ पासून दूरचित्रवाणीवर. जाहिरातींचा ओघ वाढू लागला तशी रांगेतून गोळा होणाऱ्या किरकोळ रकमेची मातब्बरी शासनास उरली नाही, आणि १९८४-८५ च्या सुमारास परवानापद्धती उठविण्यात आली. तिच्यासाठी कोणी हळहळले नाही, आणि हळहळण्याचे कारणही नव्हते.

प्रस्तुत लेखकाच्या मते कुटुंबाने सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी पैसे देणे न्याय्य आहे, परंतु तीन गोष्टी असतील तरच : रक्कम तिजोरीत न मिसळता संस्थेकडे जावी, तिचा दर मंत्र्याच्या मर्जीवर नसावा, आणि ती ऐपतीप्रमाणे असावी. ब्रिटनने पहिली अट बहुतांशी पाळली, दुसरी पाळली नाही, आणि तिसरीचा केवळ विचार चालू आहे. भारताने पहिलीही पाळली नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा १९९० च्या प्रसार भारती अधिनियमात आहे. तो १९९७ मध्ये अमलात आला. संस्थेला केंद्र शासनाकडून द्यावयाच्या रकमा सांगताना त्यात पहिलेच कलम असे आहे की, ग्राहकयंत्रांच्या परवान्यांचे उत्पन्न, वसुलीखर्च वजा जाता, महामंडळाला देण्यात यावे. मात्र संसदेने तशी तरतूद केल्यानंतर, आणि असे उत्पन्न असल्यास. कंपनी बुडाल्यानंतर सहा दशकांनी कायद्याने श्रोत्याचा पैसा प्रक्षेपण-संस्थेच्या नावे पुन्हा लिहिला, तेव्हा तो गोळा होणे थांबून पाचएक वर्षे झाली होती.